सुकाणू

बहुराष्ट्रीय कंपनीचा प्रमुख बदलला की मराठी बातमीत 'सुकाणू' हमखास येतं. शब्द इतका घरचा, की तो अरबी 'सुक्कान'वरून आलाय हे जाणवतच नाही. अरबी गलबतांची कोकणातल्या बंदरांत जुनी ये-जा. त्यांच्याबरोबरच तो किनाऱ्याला लागला असावा.

आणि ज्या 'गव्हर्नन्स'चा एवढा गाजावाजा चालतो, तोही दर्यावर्दीच! ग्रीक 'कुबेर्नान' म्हणजे जहाज हाकणं. लॅटिनमध्ये त्याचं 'गुबेर्नारे' झालं, फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'गव्हर्न'. तोवर जहाज मागे पडून राज्य आलं होतं. कंपन्या पुढे खरोखरीच जहाजांवर उभ्या राहिल्या. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ची, वर सतरा संचालक. १६०९मध्येच इसाक ले मेर या बड्या भागधारकाने त्यांच्या कारभाराविरुद्ध लेखी तक्रार केली. 'कॉर्पोरेट गव्हर्नन्स' हा जोडशब्द मात्र गाजला फार उशिरा, ब्रिटनमधल्या १९९२च्या कॅडबरी अहवालानंतर.

मराठीत त्याला 'सुशासन' म्हणतात. मला ते सरकारी फलकासारखं वाटतं. साधा 'कारभार' काय वाईट? सुकाणू तूर्त नेमणुकीपुरतं उरलंय. फार तर 'सुकाणू समिती'त, आणि तिच्या बैठका बहुधा पुढे ढकललेल्या असतात.