अवयवदानाबद्दल विचारणारा समन्वयक: त्याचे शिक्षण आणि काम

आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांजवळ एक तरुण मुलगा किंवा मुलगी येऊन बसते. अंगात पांढरा कोट असेलच असे नाही. ‘मी प्रत्यारोपण समन्वयक,’ अशी ओळख करून देते. मग बऱ्याच कुटुंबांच्या मनात पहिला प्रश्न येतो, की हा माणूस कोण आणि याला आमच्याशी काय बोलायचे आहे?

अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे. २०११ च्या दुरुस्तीनंतर प्रत्यारोपणाच्या नोंदणीसाठी रुग्णालयात समन्वयक नेमणे बंधनकारक झाले. यासाठी डॉक्टरच असावे लागत नाही. परिचारिका, समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेली पदवीधर व्यक्तीही हे काम करू शकते. चेन्नईची मोहन फाउंडेशन ही संस्था अशा समन्वयकांना प्रशिक्षण देते. कायदा, कागदपत्रे, अवयव कसे वाटले जातात हे त्यात असतेच, पण सर्वांत कठीण धडा बोलण्याचा असतो. आधी मृत्यूची बातमी नीट समजू द्यायची, कुटुंबाला रडायला, फोन करायला वेळ द्यायचा आणि अवयवदानाचा विषय त्यानंतर, वेगळा काढायचा. दोन्ही गोष्टी एका दमात सांगणारा समन्वयक अजून शिकतो आहे, असे खुशाल समजा.

‘छाती वरखाली होते आहे, मग माणूस गेला कसा?’ हा प्रश्न मला रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात. छाती व्हेंटिलेटरमुळे हलते. मेंदू मृत झाल्यावरही हृदय काही काळ चालू राहू शकते. म्हणूनच चार डॉक्टरांचे मंडळ तपासण्या करते आणि किमान सहा तासांनी त्याच तपासण्या पुन्हा करते. अवयव काढणाऱ्या किंवा बसवणाऱ्या पथकातील डॉक्टर या मंडळात नसतात. मंडळात कोण होते, तपासण्या किती वाजता झाल्या, हे जरूर विचारा. प्रशिक्षित समन्वयकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

आपला अहिल्यानगर जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या अखत्यारीत येतो. अवयव कोणाला द्यायचा हे समन्वयक किंवा तुमचे रुग्णालय मनाने ठरवत नाही, ते केंद्राच्या प्रतीक्षा यादीवरून ठरते. अपघाताची केस असेल तर पोलिसांना कळवणे आणि शवविच्छेदन यांची जुळवाजुळव समन्वयकच करतो. संमती दिल्यानंतर अवयव सांभाळण्याचा आणि काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेता येत नाही. कोणी पैसे देऊ करत असेल किंवा मागत असेल, तर तो गुन्हा आहे.

शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा रस्ता फार लांबचा आहे. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमएसची तीन आणि मूत्रपिंडासाठी बहुधा युरॉलॉजीची आणखी तीन. यकृताचे काम त्यानंतरही कोणा अनुभवी पथकात राहून शिकावे लागते. त्या मानाने समन्वयक लवकर तयार होतो, आणि घरातली मुलगी नर्सिंग किंवा समाजकार्य शिकत असेल तर तिला हा मार्ग जरूर सांगा. फक्त हेही सांगा, की फोन रात्री दोन वाजता येतो आणि बऱ्याचदा उत्तर ‘नाही’ असते.

‘नाही’ म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही.