रायगडचा किनारा: समुद्रातून आलेले कोकणवासी

१/ अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, मुरुड. सुमारे पन्नास किलोमीटरचा हा किनारा. पण त्यावरील वस्त्यांत आफ्रिका, पश्चिम आशिया आणि युरोप यांचे धागे गुंफलेले आहेत.

२/ मुरुडसमोरचा जंजिरा सिद्दींचा. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांतील बरेचसे गुलाम म्हणून. पुढे त्याच समाजाने येथे राज्य उभे केले. ते १९४८ मध्ये भारतात विलीन झाले.

३/ अलिबाग परिसरातील बेने इस्रायल ज्यू तेलाचे घाणे चालवीत. शब्बाथला घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावे मात्र गावांची: रोहेकर, पेणकर, किहीमकर.

४/ १७४० मध्ये कोर्लई पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे गेली. सत्ता गेली, भाषा राहिली: पोर्तुगीज व मराठी यांच्या संगमातून घडलेली बोली तेथील ख्रिस्ती समाज आजही बोलतो.

५/ बहुसंख्य बेने इस्रायल पुढे इस्रायलला गेले. तेथे काही काळ त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. कोकणाने मात्र त्यांचा शनिवारही मानला होता आणि त्यांना आपल्या गावाचे नावही दिले होते.