बंद दाराआडील दया

रायपूर येथे १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि १९६४ साली रविशंकर विश्वविद्यालयाची स्थापना झाली. त्याच १९६४ साली भारत सरकारने प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवण्यासाठी एक समिती नेमली. गावोगावी नव्या प्रयोगशाळा उघडत होत्या; त्यांच्या आत काय चालते हे पाहण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे निकडीचा झाला होता.

प्रश्न जुनाच होता. १८९६ साली मुंबईत प्लेगने हाहाकार उडविला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, सशांवर तिची पारख केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्या मुक्या जीवांचे ऋण नाकारता येणार नाही. इंग्लंडात १८७६ पासून अशा प्रयोगांना परवाना लागे व निरीक्षक तपासणीस जात. हिंदुस्थानच्या १८९० च्या कायद्यात मात्र तशी व्यवस्था नव्हती. घोड्याला निर्दयपणे मारणारा टांगेवाला शिक्षेस पात्र ठरे. प्रयोगशाळेचे दार बंदच राही.

ते उघडण्याच्या कामी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा वाटा मोठा आहे. राज्यसभेत त्यांनी मांडलेले विधेयक पंडित नेहरूंच्या आश्वासनावरून मागे घेण्यात आले आणि पुढे सरकारच्याच पुढाकाराने १९६० चा कायदा झाला. त्याने प्रयोगांवर बंदी घातली नाही. जीव वाचविणारे वा रोगाशी झुंजणारे ज्ञान मिळविण्याची वाट त्याने मोकळी ठेवली. परंतु शस्त्रक्रिया भूल देऊन व्हावी, लहान प्राण्यावर भागत असेल तेथे मोठा घेऊ नये, आणि पुस्तक, प्रतिकृती वा चित्रपट यांनी शिकविता येईल तेथे प्राणी शक्यतो वापरूच नये, अशी मर्यादा आखली. समितीचा अधिकृत मनुष्य आत जाऊन तपासणी करू शके, नोंदवही मागू शके. दंड अवघा २०० रुपयांपर्यंत. पण संस्थेचे प्रयोग थांबविण्याचा अधिकार समितीच्या हाती होता. कायद्याचा खरा धाक तेथे होता.

१९९८ च्या नियमांनी आणखी एक पाऊल टाकले. प्रत्येक संस्थेस नोंदणी व स्वतःची नीतिसमिती आवश्यक झाली आणि तीत सरकारी समितीच्या प्रतिनिधीला स्थान मिळाले.

पिंजऱ्यातील ससा फिर्याद करू शकत नाही. रायपूर असो वा मुंबई, त्याची बाजू मांडणारी वस्तू एकच: प्रामाणिकपणे लिहिलेली नोंदवही आणि ती वाचावयास येणारा निरीक्षक.