हेडलाइटच्या उजेडात

आजचा एपिसोड मला आंबोलीच्या पावसात सुचला, पण गोष्ट सुरू होते कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात.

लॉरेन्स क्लॉबर. स्टॅनफर्डचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, १९११पासून सॅन दिएगोच्या गॅस आणि वीज कंपनीत नोकरी, पुढे तिथलाच अध्यक्ष. साप हा त्याचा छंद. नोकरी सांभाळून हे सगळं केलं, म्हणून मला हा माणूस जरा जास्तच आवडतो, आधीच सांगून टाकतो.

तेव्हा साप शोधायचे म्हणजे दिवसा दगड उलटायचे. पण वाळवंटातले बरेच साप उन्हाळ्यात रात्रीच बाहेर पडतात. मग क्लॉबर अंधार पडला की गाडी काढायचा, रस्त्यावरून सावकाश जायचा आणि हेडलाइटमध्ये दिसेल तो साप टिपायचा. वेळ, तापमान, सगळं वहीत. १९३९मध्ये त्याने ही आकडेवारी छापली. लीफ-नोज्ड नावाचा साप तोवर दुर्मीळ समजला जायचा, तो चांगला भरपूर निघाला. लोक चुकीच्या वेळी शोधत होते, बस्स.

आपल्या सह्याद्रीत हीच युक्ती चालते, फक्त घड्याळाऐवजी पावसाकडे बघायचं. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, ती सुकली की संपलं. म्हणून जोराची सर पडून गेली की ते बिनधास्त फिरतात, डबक्यांकडे निघतात, आणि वाटेत रस्ता येतो. बेडकांमागे साप आलेच.

आंबोलीचा टोड, कुशीवर पिवळे पट्टे असलेला, विज्ञानाला नवीन जात म्हणून कळला तो थेट २००९मध्ये. त्याचा कोयनेचा भाऊबंद १९६३लाच नोंदला गेला होता. आज आंबोलीवाला अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि गाड्यांखाली चिरडणं हा त्याच्यावरच्या संकटांपैकी एक.

गेल्या जूनमध्ये मी मित्राबरोबर क्लॉबरसारखाच गाडीतून निघालो. वीसचा स्पीड, काचा खाली, एकदम शहाणपणाने. अर्ध्या तासाने उतरून टॉर्च मारला, तर आम्ही आलो त्याच बाजूला एक टोड चपटा झालेला. पिवळे पट्टे अजून दिसत होते. आमच्याच चाकाखाली आला का? माहीत नाही. मागून दुसरी गाडी आली नव्हती, एवढं खरं.

मित्र म्हणाला, "फोटो नको काढू रे." मी काढला. वेळ, जागा, पाऊस लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'मेलेला'.

गाडी तिथेच कडेला लावून पुढचं सगळं पायी फिरलो.