पापण्या वारंवार सुजतात? नुसत्या ड्रॉप्सनी भागत नाही

सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या, कडा लाल, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे खवले, दिवसभर खाज आणि डोळ्यात कचरा गेल्यासारखी चुरचुर. ही पापण्यांच्या कडेची सूज असू शकते. डॉक्टर तिला 'ब्लेफरायटिस' म्हणतात. डोळे आल्यासारखा हा आजार सहसा एकाचा दुसऱ्याला होत नाही.

कशामुळे होतं?
पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, वरच्या पापणीत साधारण ३० ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०. हे तेल डोळ्यातलं पाणी लवकर सुकू देत नाही. ग्रंथींची तोंडं बुजली की कडा सुजतात, डोळे कोरडे पडतात. डोक्यातला कोंडा आणि त्वचेवरचे जंतू त्यात भर घालतात. अशांना रांजणवाडीही पुन्हा पुन्हा होते.

घरी काय करावं?
• हात साबणाने धुवा.
• स्वच्छ सुती कापड सोसेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटं ठेवा. कापड गार झालं की पुन्हा बुडवा.
• बोटाने पापणी कडेच्या दिशेने हलकेच चोळा.
• उकळून कोमट केलेल्या कपभर पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब टाका. त्यात कापूस भिजवून कडा पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्या.

सुरुवातीला हे दिवसातून दोनदा करावं. फरक पडायला काही आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही रोज एकदा चालू ठेवावं, नाहीतर त्रास उलटतो. काजळ, सुरमा बंद ठेवावा, कोंड्यावरही उपचार घ्यावेत.

हे टाळा
लवंग उगाळून लावणं, डोळ्यात मध किंवा दूध घालणं नको. रांजणवाडी फोडू नये. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ड्रॉप्स आणू नयेत. काहींमध्ये स्टिरॉइड असतं. त्याने लाली लगेच उतरते, पण जास्त दिवस वापरल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. त्यात गेलेली नजर परत येत नाही.

डॉक्टरांकडे कधी?
अंधुक दिसणं, डोळा ठणकणं, उजेड सहन न होणं, तापासोबत पापणी खूप सुजणं किंवा डोळा न उघडणं, यापैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात थांबू नये. एकाच जागी गाठ वारंवार येत असेल, तर तीही तपासून घ्यावी.