मॅट्रिक वजा इंग्रजी : वर्धा, १९३७

१/ २२ ऑक्टोबर १९३७. वर्ध्यातील मारवाडी शिक्षण मंडळाच्या विद्यालयात देशभरातील शिक्षणतज्ज्ञ आणि काँग्रेसशासित प्रांतांचे शिक्षणमंत्री एकत्र आले. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. परिषद दोन दिवस चालली. गांधीजींना अभिप्रेत असलेल्या शिक्षणाचे माप जवळजवळ अंकगणिती होते : मॅट्रिकपर्यंतचे सामान्य ज्ञान, त्यातून इंग्रजी वजा, आणि त्यात एका उद्योगाची भर.

२/ वजा होणाऱ्या त्या इंग्रजीत शाळकरी मुलाच्या वाट्याला काय येत असे? वाङ्मय थोडे, व्याकरणाची घोकंपट्टी फार. या घोकंपट्टीतला एक ठरलेला मुक्काम म्हणजे 'डिग्रीज ऑफ कम्पॅरिझन'. 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट'. 'गुड, बेटर, बेस्ट'. वरवर पाहता धडा सोपा. मराठी मुलाला मात्र तो जड जाई, आणि त्याचे कारण मुलाच्या बुद्धीत नसून दोन भाषांच्या घडणीत होते.

३/ 'राम शामपेक्षा उंच आहे' या वाक्यात 'उंच' जागचा हलत नाही. तुलनेचा सगळा भार 'पेक्षा' वाहतो. हा शब्द संस्कृत 'अपेक्षा'वरून आलेला. त्याच्या जोडीला 'हून' आणि जुन्या मराठीतला 'परीस'. सर्वोच्च पायरीसाठी 'सर्वांत' जोडला की काम भागते.

याउलट लिंग आणि वचन बदलले की मराठी विशेषण लगेच रूप बदलते : मोठा, मोठी, मोठे, मोठ्या. इंग्रजी विशेषणाला लिंग-वचनाचे सोयरसुतक नाही, पण तुलना आली की तेच 'बिग'चे 'बिगर' होते. एक भाषा जिथे दक्ष, तिथे दुसरी निश्चिंत. म्हणून मुलाला नवे शब्द पाठ करून भागत नसे. लक्ष कुठे द्यायचे, ती जागाच बदलावी लागे.

४/ चुकाही याच फटीतून येतात. 'हून'चे शब्दशः भाषांतर केले की 'टॉल फ्रॉम शाम'. मराठीत 'अधिक उंच' चालते, म्हणून इंग्रजीत 'मोअर टॉलर'. अशी चूक हा अडाणीपणा नव्हे. मातृभाषेचे व्याकरण परक्या शब्दांत प्रामाणिकपणे पाळल्याची ती खूण आहे.

५/ क्रियाविशेषणाची गंमत वेगळी. 'ती चांगली गाते' आणि 'ती चांगली मुलगी आहे' या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच 'चांगली' पुरते. इंग्रजीला पहिल्या ठिकाणी 'वेल' हवे, दुसऱ्या ठिकाणी 'गुड'. पण तुलनेची पायरी चढताच इंग्रजीचाही हा भेद मिटतो : दोघांचे 'बेटर', दोघांचे 'बेस्ट'. मूळ रूपात चुकणारा विद्यार्थी तुलनेत आपोआप बरोबर ठरतो!

६/ आणि ज्या 'मोअर बेटर'साठी छडी बसे, ती दुहेरी तुलना शेक्सपिअरच्या नाटकांतही आढळते. पुढे अठराव्या शतकात रॉबर्ट लाउथसारख्या (१७६२) व्याकरणकारांनी ती अशुद्ध ठरवली. आपल्याकडेही तसेच. 'श्रेष्ठ', 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ' यांतला 'इष्ठ' हा प्रत्यय आणि 'बिगेस्ट'मधला 'एस्ट' हे एकाच प्राचीन मुळाचे वंशज. म्हणजे 'श्रेष्ठ' ही मुळातच शेवटची पायरी. तरी त्यावर आणखी 'तम' चढवून 'श्रेष्ठतम' झाले, आणि तो शब्द थेट शुक्ल यजुर्वेदाच्या आरंभी येतो. वेदाला जे चालले ते तिसऱ्या बाकावरच्या मुलाला चालले नाही.

७/ गांधीजींचा आक्षेप मात्र या धड्यावर नव्हता. शिक्षणाचे माध्यमच इंग्रजी करण्यावर होता. इंग्रजीतून गणित, भूमिती, रसायन शिकायला आपल्याला जी चार वर्षे लागली, ते सारे गुजरातीतून एका वर्षात झाले असते, असे त्यांनी १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये लिहिले. परकी भाषा शिकणे वेगळे आणि परक्या भाषेतून सगळे शिकणे वेगळे. हा फरक आजच्या वादांतही हरवतो.

८/ परिषदेने ठराव केले : सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, माध्यम मातृभाषा, केंद्रस्थानी उत्पादक हस्तोद्योग, आणि यातून शिक्षकांच्या वेतनाचा खर्च हळूहळू निघावा ही अपेक्षा. डॉ. झाकिर हुसेन समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल दिला. त्यात मातृभाषा होती, हिंदुस्थानी होती, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, चित्रकला, संगीत होते. इंग्रजी नव्हती. कापसाच्या या मुलुखात 'तुझ्यापेक्षा माझे सूत बारीक' ही तुलना मुलांनी टकळीवर शिकायची, आणि सुताचा अंक काढून ती तपासायची, अशी ही कल्पना होती.

९/ कल्पना देखणी होती, पण एक प्रश्न तिने सोडवला नाही. १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये सावित्रीबाई फुले शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह करतात. संस्कृतचे दार ज्यांना कधी उघडले नाही, त्यांना इंग्रजीचे दार निदान किलकिले दिसत होते. १९३७ सालीही सरकारी नोकरी, वकिली, डॉक्टरी याच दारातून जात असे. ते दार सर्वांसाठी एकाच वेळी बंद झाले असते तर गोष्ट वेगळी. प्रत्यक्षात शहरी हायस्कुलांत 'बेटर, बेस्ट' चालूच राहिले. वजाबाकीचा खरा भार पडणार होता तो खेड्यातल्या मुलावर.

१०/ १९३८ मध्ये सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, हिंदुस्थानी तालिमी संघाचे काम सुरू झाले. आर्यनायकम् दांपत्याने तिथे नई तालीमची शाळा चालवली.

११/ पुढे २००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू केला. तोवर मराठी शाळांत तो पाचवीपासून शिकवला जाई. आता वर्धा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतले मूलही 'बिग, बिगर, बिगेस्ट' म्हणते. आणि त्याचे पहिले 'मोअर बिगर' आजही त्याच जुन्या 'अधिक मोठा'मधून येते.