पोर्ट सईदहून आलेलं पत्र

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. गेल्या वर्षी तो बायकोला घेऊन भूमध्य समुद्रात जहाजाच्या सहलीला गेला होता. दिवसा बंदरात उतरायचं, गाव पाहायचं, संध्याकाळी पुन्हा जहाजावर. रोज फोटो यायचे. परत आल्यावर म्हणाला, "मामू, तुम्ही असता तर त्या निळ्या पाण्यावर वहीभर कविता लिहिल्या असत्या." मी म्हटलं, "बाबा, त्याच समुद्राच्या तोंडावरून आपल्या एका माणसाने पाठवलेलं पत्र मी वाचलंय. त्यात समुद्र नाही. गावची विहीर आहे."

तो माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पत्रावर तारीख आहे १४ नोव्हेंबर १९३२ आणि ठिकाण आहे 'व्हिक्टोरिया' जहाज, पोर्ट सईद.

सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला आणि आफ्रिकेला घालावा लागणारा वळसा वाचला. कालवा जिथे भूमध्य समुद्राला मिळतो, तिथे पोर्ट सईद. विलायतेला जाणाऱ्यांचा हा ठरलेला थांबा. बोट लागली की फेरीवाल्यांच्या होड्या तिला भिडत, प्रवासी खरेदीला उतरत. आमच्या वऱ्हाडचा कापूसही मुंबईहून याच वाटेने युरोपला जाई.

बाबासाहेब निघाले होते लंडनला, तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला होता. पाठोपाठ मुंबईत अस्पृश्यता निवारणासाठी अखिल भारतीय संस्था निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्कर बाप्पा. संस्थेने काय करावं हे सांगायचं होतं, पण ७ नोव्हेंबरला मुंबई सोडावी लागली. म्हणून ठक्कर बाप्पांना हे लांबलचक पत्र.

पत्रातला मुद्दा साधा आहे. माणूस खाली राहतो तो त्याच्याच दुर्गुणांमुळे, असं मानलं की दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालयं काढून काम भागतं. पण तो भोवतालच्या परिस्थितीमुळे खाली राहतो, असं मानलं तर परिस्थितीच बदलावी लागते. बाबासाहेबांचं म्हणणं, संस्थेने आपली शक्ती दुसऱ्या कामाला लावावी. गावच्या विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क, शाळेत प्रवेश, चावडीत प्रवेश, सार्वजनिक वाहनांत जागा. यातून दंगे होतील, डोकी फुटतील, तरी माघार घेऊ नये. १९२७ साली महाडच्या तळ्यावर ते स्वतः हे पाहून आले होते.

दुसरी मागणी कामाची. मुंबई-अहमदाबादच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला कमी पगाराच्या कातणीच्या खात्यात ठेवत. विणकामाचं साचेखातं, जिथे पैसा जास्त, ते त्याला बंद. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे, म्हणून बाकीचे विटाळ मानत. तिसरी मागणी घराची. सवर्णांनी अस्पृश्यांना पाहुणे म्हणून किंवा नोकर म्हणून तरी घरात घ्यावं.

हे वाचताना मी थांबतो. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या मोहल्ल्याची विहीर आठवते. आम्ही नमाजाला खांद्याला खांदा लावून उभे राहणारे लोक. आमच्यात शिवाशीव नाही, असं मी सभांमधून छाती फुगवून सांगत आलो. पण लहानपणी आमच्याकडे कापूस वेचायला दलित वस्तीतली एक आजी यायची. दुपारी ती घागर घेऊन विहिरीच्या ओट्याखाली उभी राही. चाची वरून पाणी ओते, घागरीला दोर लागणार नाही इतक्या उंचावरून. अर्धं पाणी मातीत जाई. कुणी काही बोलत नसे. आजीही नाही, मीही नाही. तिने वेचलेला कापूस मात्र आमच्या घरात, गाद्या-उशांत, थेट आमच्या डोक्याखाली.

भाच्याने विचारलं, "मग उत्तर आलं का त्या पत्राला?"

नाही आलं. पत्र मिळाल्याची साधी पोचसुद्धा आली नाही, असं बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवलं आहे. 'व्हिक्टोरिया' हे इटालियन जहाज जानेवारी १९४२ मध्ये युद्धात त्याच भूमध्य समुद्रात बुडालं. पत्र राहिलं.

आता गावात नळ आला आहे. विहिरीवर जाळी बसली आहे. आजी नाही, चाचीही नाही. ओट्यापाशी उभा राहिलो की वाटतं, ते पत्र ठक्कर बाप्पांच्या नावाने गेलं खरं, पण पाकिटावर आमच्या मोहल्ल्याचाही पत्ता असायला हवा होता.